हलत्या रानाची ठकू

आषाढात पठारावर चढलेलं धुकं पौषापर्यंत खाली उतरायचं नाही, त्या काळची ही गोष्ट. पठाराच्या मधोमध मोठी दलदल होती. वरून हिरवंगार गवत, खाली पाणी. एके ठिकाणी पाय टाकला की दहा हात पलीकडची जमीन डुलायची. लोक तिला हलतं रान म्हणत.

पलीकडच्या कुरणात म्हशी न्यायच्या तर वाट त्यातूनच. आणि ती वाट ठाऊक होती फक्त ठकू झोरेच्या पायांना. ठकू धनगरवाड्यातली विधवा बाई. सासूशी तिचं कधी पटलं नाही, पण म्हशींशी पटायचं. ती अनवाणी पुढे, म्हशी मागे. तिच्या हयातीत एकही रेडकू रुतलं नाही, असं म्हणतात.

मग काळ फिरला. धुकं उशिरा यायचं, लवकर पळायचं. चार महिन्यांचा पाऊस चार दिवसांत कोसळून कड्यावरून वाहून जायचा, आणि माघातच वैशाखासारखं ऊन पडायचं. असं होता होता ठकूचे केस पिकले. तिच्या तळव्यांना सगळ्यांआधी कळलं, जमीन डुलेनाशी झाली होती.

तिचा दीर बमू चारचौघांत म्हणाला, "वयनी, आता तुज्या पायाचं काय काम? आंधळी म्हस बी सरळ पल्याड जाईल!"

"सरळ जाईल रं," ठकू म्हणाली, "पन प्यायला कुटं जाईल?"

सगळे खदाखदा हसले. त्या दिवशी तिने भाकरीला हात लावला नाही, हे शेजारणीने पाहिलं.

त्यानंतर तिसऱ्या वर्षी फाल्गुनातच वाड्याखालचा झरा आटला. लोक बिऱ्हाडं बांधू लागले. ठकू म्हणाली, "पानी कुटं गेलं, बगून येते." आणि ती रानाच्या मधोमध चालत गेली, जिथे तिने जन्मात पाय ठेवला नव्हता. कोरडी जमीन फक्त तिच्याखाली डुलू लागली. घोटा, गुडघा, मग कंबर.

"वयनी, फीर मागं!" बमू ओरडला.

"थांब," ती म्हणाली, "पायाला गार लागतंय."

नंतर नुसतं गवत दिसलं. असं म्हणतात, त्या सांजेला झरा वाहिला. काळं पाणी, मुळांच्या वासाचं. सात दिवस वाहिला आणि थांबला तो कायमचा. वाडा उठला.

आजही चैत्रात त्या वाड्याची माणसं खालून वर येतात. चपला काठावर काढतात. सगळ्यांत थोरली सून पुढे होते आणि ठकूच्या नागमोडी वाटेने सगळे मागोमाग चालतात. जमीन खडखडीत, तरी कुणी वाट सोडून सरळ जात नाही. मध्यावर सगळे थांबतात.

"हललं का गं?" मागून कुणीतरी विचारतं.

थोरली सून बराच वेळ तळवे टेकून उभी राहते. खोटं बोलायचं नाही, असा दंडक आहे.

"नाय," ती म्हणते, आणि सगळे पुढे चालू लागतात.