दार नसलेली भट्टी

करंजखिंडीतल्या या भडभुंज्याच्या दुकानाला दार नाही. पावसाळ्यात वारा आत शिरून पार हैराण करतो, तरी कुणी दार बसवत नाही. फुटाणे घ्यायला थांबलाच आहात, तर ऐका.

फार पूर्वी इथे ठकूबाई नावाची बाई तापल्या वाळूत हरभरे भाजून विकायची, असे सांगतात. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. खिंडीतून बैलांचे तांडे जात तोवर तिला मान वर करायला फुरसत नसे. पुढे खालून सपाट वाट झाली आणि तांडे तिकडे वळले. मग दिवसचे दिवस तिच्या तोंडून शब्द निघत नसे, बोलायचे कुणाशी? सवयीने ती रोज संध्याकाळी एक घाणा भाजायची आणि बराचसा पाखरांना टाकायची. एका श्रावणात तिचा धीर सुटला. आपण असलो काय नि नसलो काय, असे वाटून तिने भट्टी विझवली आणि भावाकडे जायला गाठोडे बांधले.

पण धुके असे उतरले की निघताच येईना. तिन्हीसांजेला वरच्या वाडीतली राही धनगरीण धापा टाकत आली.

“मावशी, आज भट्टी का गं बंद? मामंजी अजून आलं न्हाईत. त्यास्नी दिसत न्हाई. तुझ्या भट्टीच्या वासावरच शेरडं घेऊन वर येत्यात. खाली कडा हाय गं!”

खोऱ्यात हाक चहूकडून घुमते, तिचा उपयोग नव्हता. लाकडे भिजलेली. ठकूबाईने म्हणे दुकानाचे दार उखडले, कोयत्याने फोडले आणि भट्टीत घातले. गाठोड्यातले हरभरे वाळूत ओतले. वास सुटला. दोघी जीव मुठीत धरून बसल्या.

बऱ्याच वेळाने एका शेळीच्या पाठीवर हात ठेवून म्हातारा वर आला. ठकूबाईने त्याच्या ओंजळीत गरम फुटाणे घातले, तसा तो हसला.

“दात कुठं हायेत, बाई? तुझा एक फुटाणासुदिक म्या कधी खाल्ला न्हाई.”

ठकूबाई तिथेच बसून ढसाढसा रडली. इतकी वर्षे आपण कुणासाठी भाजत होतो, हे तिला त्या दिवशी कळले. ती भावाकडे गेली नाही. गिऱ्हाईक वाढले नाही, एकटेपणही सरले नाही. दार मात्र तिने पुन्हा बसवले नाही.

आजही धुके उतरले की इथला भडभुंजा कुणी येवो न येवो, एक घाणा भाजतो. तो विकत नाही. नुसता भट्टीपाशी बसून राहतो, खालच्या अंगाला कान देऊन.