पाणी लागलं तेव्हा

“पण मग यातलं खरं कोणतं, बुवा?”

शांतवनबुवा आढाव घायपाताचा दोर वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“पुन्हा वाचा, पाळकसाहेब.”

पाळक अमोस रणनवरे यांनी वहीची पानं मागं उलटली. टाकळखेड्याच्या मंडळीत येऊन त्यांना आठ महिने झाले होते. वय अडतीस. धर्मशिक्षणाच्या परीक्षेत ते पहिले आले होते, आणि ही गोष्ट ते विसरले नव्हते. येत्या ईस्टरला मंडळीला शंभर वर्षं पूर्ण होणार होती. स्मरणिका छापायची होती. देवळाच्या भिंतीवर संगमरवरी पाटी बसवायची होती, आणि त्या पाटीवर विहिरीची हकिकत कोरायची होती.

विहीर देवळाच्या मागंच होती. या लोकांनी बाप्तिस्मा घेतला म्हणून गावानं पाणवठा बंद केला. ओढ्याचं पाणी पिऊन त्यांनी बरीच वर्षं काढली, शेवटी स्वतःची विहीर खणली. ब्याऐंशी वर्षांपूर्वी. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं.

पुढं मात्र घर बदललं की गोष्ट बदलत होती.

“उजगरे म्हणतात, काळा खडक लागला, पुरुषांनी हात टेकले. तेव्हा राहेलबाई नावाची विधवा एकटी खाली उतरली. अकरा दिवस छिन्नी चालवली.”

“हं.”

“साळव्यांच्या घरी राहेलबाईचं नावही माहीत नाही. ते म्हणतात, त्या वेळचे पाळक काठावर गुडघे टेकून बसले. तीन दिवस अन्न घेतलं नाही. भिंगारदिवे म्हणतात, सगळे गात होते आणि गाता गाताच खडकाला चीर गेली. आणि पाटोळे…” अमोस थांबले. “पाटोळ्यांचं सोडून देऊ.”

“का बरं?”

“ते म्हणतात, शेजारच्या गावचा कासमभाई सुरुंगवाला आला आणि त्यानं खडक फोडला. आता हे पाटीवर कसं घालायचं?”

“नाव मावत नाही का?”

अमोस हसले नाहीत. त्यांची नऊ वर्षांची मुलगी तिर्सा मात्र हसली. शाळा सुटल्यावर ती हट्टानं वडिलांबरोबर आली होती. “पप्पा, मी विहीर बघून येऊ?”

“विहिरीवरच्या जाळीवर चढू नकोस,” अमोस म्हणाले. ती पळाली.

मग त्यांनी वही मांडीवर ठेवली, आणि ज्या प्रश्नासाठी ते आले होते तो विचारला.

“बुवा, त्या दिवशी हजर असलेलं आता तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही. तुम्ही सहा वर्षांचे होता. बाकीच्यांनी ऐकलंय, तुम्ही पाहिलंय. तुम्ही सांगाल ते मी लिहीन.”

बुवांचे हात थांबले.

“मी होतो खरा तिथं.”

“मग?”

“झोपलो होतो.”

…

अमोसना आधी वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. पण बुवांच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

“ताप होता मला. चार दिवसांचा. ओढ्याच्या पाण्यानं वस्तीत घरटी एक आजारी होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात मार्थी गेली. माझी बहीण. दीड वर्षाची.”

अमोसनी वही मिटली.

“आई मला घरी एकटं ठेवीना. उचलून घेऊन आली, बाभळीखाली गोधडीवर निजवलं आणि माती वाहायला गेली. मी शुद्धीवर नव्हतो. एकदम गलका ऐकू आला. ओठांना गार लागलं. तोंड उघडलं तर तोंडात चिखल.”

“चिखल?”

“पहिलं पाणी ते. आईनं पदरानं गाळलं होतं, तरी चिखलच. मी तो गिळला. तेवढं मला ठाऊक आहे, पाळकसाहेब. बाकी मीही ऐकलेलंच.”

“कोणाकडून?”

“आईकडून.”

अमोस पुढं सरकले. हे त्यांना सुचलंच नव्हतं. मुलगा झोपलेला असेल, पण आई तर जागी होती. आई तिथं माती वाहत होती!

“मग तुमच्या आई, सगुणाबाई, काय सांगायच्या?”

“रोज वेगळं.”

“म्हणजे… बनवून?”

“नाही.” बुवांनी दोराचा पीळ सुटू नये म्हणून त्याचं टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं. “मी रोज वेगळं विचारायचो.”

अमोसनी मिटलेली वही पुन्हा उघडली.

“एकदा विचारलं, खाली कोण उतरलं? म्हणाली, राहेलबाई. एकदा विचारलं, एवढा खडक बाईच्यानं फुटला कसा? म्हणाली, सगळा कुठं फुटला, शेवटी कासमभाईनं सुरुंग लावला. राहेलबाईनं पाडलेल्या भोकातच लावला. एकदा विचारलं, तेव्हा तुम्ही बाकीचे काय करत होता? म्हणाली, रडत होतो. गातही होतो. ऐकणाऱ्याला कळलं नसतं कोणतं काय ते.”

“आणि पाळक?”

“ते उपाशी होते हे खरं. पण सगळी वस्तीच उपाशी होती.”

अमोसना हसू आलं. हसू ओसरलं तसा त्यांच्या मनात दुसरा प्रश्न उठला. तो त्यांनी जरा हळू आवाजात विचारला.

“आणि देवाबद्दल? देवानं काय केलं, असं नाही कधी विचारलंत?”

“विचारलं ना. मी मोठा झालो होतो तेव्हा. चौदा-पंधरा वर्षांचा.”

“काय म्हणाल्या?”

“भाकरी थापत होती. हात तसेच पिठात राहिले. मग म्हणाली, मार्थीला पाणी मिळालं नाही… तुला मिळालं. आणि पिठाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला.”

“आणि पुढं?”

“पुढं काही नाही. तव्यावरची भाकरी करपली.”

…

विहिरीकडून तिर्साचा आवाज आला. जाळीतून खाली तोंड करून ती स्वतःचंच नाव घेत होती आणि विहीर ते परत देत होती.

अमोस अस्वस्थ झाले होते. हातात काहीतरी आलं होतं, पण ते पाटीवर कोरता येण्यासारखं नव्हतं.

“हे मी कसं लिहू, बुवा?”

“तुमचं तुम्ही बघा.”

“लिहायला तर पाहिजे. उद्या तुम्ही नसाल. पोरांना शहरात जायचंय, देवळात यायला कोणी तयार नाही. पुढच्या पिढीला देवाची कृत्यं कळली पाहिजेत की नाही?”

“पाहिजेत.”

“मग?”

बुवांनी पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट पाहिलं. डोळ्यांत मोतीबिंदूची पांढुरकी झाक होती, तरी अमोसना ती नजर जड वाटली.

“मी चिखल प्यालो. तुम्ही काय प्यालात?”

“मी?”

“तुम्ही.”

उत्तर तयार होतं. दीक्षेच्या दिवशी साक्ष देताना दिलं होतं, नंतर कितीतरी सभांमधून दिलं होतं. अमोस म्हणाले, “देवाच्या कृपेनं माझा जन्म प्रार्थनाशील कुटुंबात झाला. वडिलांनी लहानपणापासून…”

बुवा ऐकत होते. मान हलवत नव्हते, हुंकार देत नव्हते. नुसते ऐकत होते.

अमोसचं वाक्य मध्येच राहिलं.

त्यांनी आणखी एकदा सुरुवात केली. “वडिलांनी…”

पुन्हा थांबले.

एक कोंबडी अंगणातून गेली. बुवांनी दोराला हात लावला नाही.

“वडील पीत होते,” अमोस म्हणाले.

हे वाक्य त्यांनी आजवर बायकोशिवाय कोणापाशी उच्चारलं नव्हतं. बायकोलाही एकदाच सांगितलं होतं, तेही लग्नाआधी.

“साखर कारखान्यात होते. सुटले की थेट दारूच्या गुत्त्यावर. घरी आले की आईला मारायचे. मी नऊ वर्षांचा होतो. एका संध्याकाळी जेवायला उशीर झाला, एवढंच निमित्त. त्यांनी कोपऱ्यातलं मुसळ उचललं. आई भिंतीला टेकून उभी होती. ती ओरडलीसुद्धा नाही. वडिलांनी मुसळ वर उचललं…”

“कोणी, पप्पा?”

तिर्सा दाराच्या चौकटीपाशी उभी होती. फ्रॉकला जाळीचा गंज लागला होता.

अमोसनी मांडीवरची वही उगाच सरळ केली.

“आजोबांनी?”

तिचे आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले. तिला ठाऊक असलेले आजोबा पांढरा सदरा घालायचे, चालताना तिचं बोट धरायचे, जेवणाआधी इतकी लांब प्रार्थना करायचे की वरण निवून जायचं. घरात त्यांच्या फोटोला तिनं स्वतः कागदी फुलांची चौकट केली होती.

अमोसनी बुवांकडं पाहिलं. ‘खेळायला जा,’ असं बुवा तिला म्हणतील, असं त्यांना वाटलं.

बुवा बाजेवर थोडे सरकले आणि तिर्साला बसायला जागा करून दिली.

ती बसली.

“मग?” ती म्हणाली.

…

“मग मी घाबरलो,” अमोस म्हणाले. बोलताना नजर बुवांच्या गुडघ्यावर होती. “मध्ये पडायची हिंमत नव्हती. पळावं तर पाय हलेनात. डोळे घट्ट मिटले आणि रविवारच्या शाळेत पाठ केलेली प्रभूची प्रार्थना मोठ्यानं म्हणायला लागलो. भक्तीबिक्ती काही नव्हती, बुवा. दुसरं काही येतच नव्हतं. ओरडत होतो नुसता.”

“आणि?”

“आणि अर्ध्यावर विसरलो.”

तिर्सा बाजेवर पुढं सरकली.

“घरात एकदम शांत झालं. वाटलं, आता मुसळ माझ्याच डोक्यात बसणार. मी डोळे उघडले. मुसळ खाली टेकवून वडील उंबऱ्यावर बसले होते. म्हणाले, पुढं म्हण. मी म्हटलं, येत नाही. पुन्हा म्हणाले, पुढं म्हण रे. मी रडायलाच लागलो. मग…”

अमोसनी नाकावरचा चष्मा वर सरकवला.

“मग पुढची ओळ त्यांनीच म्हटली. जीभ अडखळत होती, तोंडाला वास येत होता. पण एकही शब्द चुकला नाही. शेवटच्या आमेनपर्यंत म्हटली. मी त्यांच्या तोंडून ती कधीच ऐकली नव्हती. आईनंही नव्हती ऐकली.”

“त्या दिवशी सुटली दारू?” बुवांनी विचारलं.

इथं ‘हो’ म्हणणं सोपं होतं. सभेत सांगितलं असतं तर ‘हो’च म्हटलं असतं.

“नाही. नंतर दोनदा प्याले. दुसऱ्या वेळी आईनं घरातून काढलं. देवळाच्या ओट्यावर पाच दिवस राहिले. त्यानंतर मात्र कधी शिवले नाहीत. सव्वीस वर्षं.”

“हं,” बुवा म्हणाले.

अमोसनी चष्मा काढून पुसला. आपण रडतोय हे त्यांना तेव्हा कळलं. इतक्या वर्षांत त्यांना या गोष्टीची लाजच वाटत आली होती. पाटीवर कोरण्यासारखी हकिकत ते दारोदार शोधत फिरत होते, आणि ही एक मात्र कुलुपात ठेवली होती.

तिर्सा रडत नव्हती. कपाळाला बारीक आठी घालून ती विचार करत होती.

“पप्पा, तुम्ही विसरलात आणि आजोबांना कशी येत होती? ते तर देवळात जात नव्हते ना तेव्हा?”

“लहानपणी शिकले असतील.”

“कोणी शिकवली?”

“त्यांच्या आईनं… बहुतेक.”

“तिचं नाव काय?”

नाव अमोसना माहीत होतं, चेहराही पुसटसा आठवत होता. पण ती कुठं बसून पोराला प्रार्थना शिकवत होती, कोणत्या वयाच्या पोराला, हे त्यांनी कधी वडिलांना विचारलंच नव्हतं. सव्वीस वर्षं वडील रोज घरात होते.

“हौसाबाई,” ते म्हणाले. “तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, एवढं मी ऐकलंय.”

“मग तिला कोणी शिकवली?”

“ते… मला नाही गं ठाऊक.”

“पण ती शिकवायची कधी? रोज? आजोबा ऐकायचे का तिचं, की पळून जायचे? आणि ती असताना आजोबा प्यायचे का? तिला कळलं का शेवटी, आजोबांनी ती प्रार्थना म्हटली ते?”

एकामागून एक प्रश्न येत होते. अमोसनी मदतीसाठी बुवांकडं पाहिलं. त्यांनाच उद्देशून ते सावकाश बोलू लागले, “काय आहे, बुवा, आमची आजी शेवटच्या वर्षी आमच्याकडंच होती. मी सात-आठ वर्षांचा असेन. ती पहाटे जात्यावर…”

शांतवनबुवांनी हात पुढं केला. दोन बोटं अमोसच्या हनुवटीला लावून त्यांचं तोंड हळूच तिर्साकडं वळवलं.

“माझ्याकडं बघून काय सांगतोस, अमोस? मी जायचा माणूस.”