मठाच्या भिंतीतला खळगा

"...म्हणजे मिक्सर शेजाऱ्यांनी लावायचा आणि घरघर आमच्या उशाशी, हे तुम्हाला तरी पटतं का, बाबा?"

दिनकर शेलार विचारत होते. प्रश्न कसला, तक्रारच ती. मठात येऊन अर्धा तास झाला, पण गृहस्थांनी बूड टेकवलं नव्हतं. दाराशी जायचे, फोन बघायचे, परत यायचे.

हरनाथबाबा वाती वळत बसले होते. पलीकडे तांबटाच्या हातोडीची ठकठक चालली होती. मठाची आणि त्या दुकानाची भिंत एकच.

शेलार बांधकाम खात्यात तपासनीस होते. तीस वर्षं लोकांच्या भिंती बोटाने वाजवून त्यांनी भल्याभल्या ठेकेदारांना घाम फोडला होता. निवृत्तीनंतर स्वतःचं घर घ्यायची वेळ आली आणि तिथे साहेबांचं घोडं अडलं. दोन वर्षं नुसती घरं बघणं चाललं होतं.

आता दोनच उरली होती. एक गावाबाहेरचा सुटा बंगला. दुसरं कॉलनीतलं रो-हाउस, तेही रांगेतलं मधलं, दोन्ही अंगांना शेजाऱ्यांची भिंत. संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता, नाहीतर दोन्ही हातची जाणार होती.

"शालन काय म्हणते?" बाबांनी विचारलं.

"तिला रो-हाउस हवंय," शेलार बायकोबद्दल म्हणाले. गप्पांना शेजार हवा, दुसरं काय, असंही वर म्हणाले. मग बंगल्याचं कौतुक सुरू झालं. चारी बाजूंना मोकळी जागा, कुणाचं ऐकायला नको, कुणाला ऐकवायला नको. आणि भिंती... एकूण एक भिंत त्यांनी स्वतः वाजवून बघितली होती. कुठे म्हणून पोकळ नाही.

पलीकडे हातोडी चालूच होती.

"या ठणठणाटात तुम्ही ध्यान कसं करता, मला कळत नाही," शेलार वैतागून म्हणाले आणि फेऱ्या मारता मारता भिंतीपाशी थांबले. कमरेएवढ्या उंचीवर गिलावा उडाला होता. वाटीएवढा खळगा. सवयीने बोट पुढे गेलं. टक, टक.

मग काय, साहेबांच्या अंगात खातं संचारलं. ओल आहे, गिलावा सुटलाय, वेळीच भरला नाही तर सगळी भिंत जाईल. उद्याच गवंडी पाठवतो म्हणाले.

"पाठव," बाबा म्हणाले.

एवढ्यात हातोडी थांबली.

बाबांच्या हातातली वात तशीच राहिली. शेलारांना हायसं वाटलं, ते पुढे बोलू लागले. बाबांनी हात वर करून त्यांना गप्प केलं.

...

पलीकडे काहीच नाही.

ऐंशी उलटलेला माणूस, पण गुडघ्यावर हात देऊन झटकन उठला. कोपऱ्यातला तांब्या घेतला, भिंतीशी गेला आणि बरोबर त्या खळग्यात तांब्याचं बूड आपटलं. एक, दोन, तीन.

...

शेलारांनाही आता धाकधूक वाटू लागली.

मग पलीकडून उत्तर आलं. ठक. ठक. ठक. थोड्या वेळाने हातोडी पुन्हा चालू झाली.

"गजाभाऊ दुकानात एकटाच असतो," बाबा म्हणाले. "चहा पीत असेल."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. त्याच्या बुडाला पोचे पडले होते, ठिकठिकाणी.

शेलार तांब्याकडे बघत राहिले. मग भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले. आल्यापासून पहिल्यांदाच.

"आमच्याही तांब्याला असेच पोचे पडलेत," ते म्हणाले.

चैत्रातली गोष्ट. भाड्याचं घर सुटं होतं, त्यांनीच हौसेने निवडलेलं. शेलार नवीन घर बघायला म्हणून बाहेर गेले आणि इकडे शालनताई न्हाणीघरात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. हाका मारून घसा बसला, तेव्हा हाताशी होता तो तांब्या घेऊन भिंतीवर आपटत राहिल्या. शेलार तीन तासांनी आले. दार उघडलं तरी आपटणं चालूच होतं.

"त्यावर ती कधी एक शब्द बोलली नाही, बाबा. तांब्या मात्र तिने टाकू दिला नाही. मी तिला म्हणालो, गप्पांना शेजार हवाय तुला."

फोन वाजला. बंगल्याचा मालक होता. शेलारांनी फोन हातात घेतला, पण उचलला नाही. तो वाजून वाजून बंद झाला.

बाबांनी वातीचा कापूस पुन्हा हातात घेतला.

"बंगल्याच्या सगळ्या भिंती वाजवून बघितल्यास ना, दिनकर?" त्यांनी विचारलं. "पलीकडून काय उत्तर आलं?"