क्लेमेंटचं निरोपाचं जेवण

"...पण ब्रदर, मी तयार झालो की नाही, एवढं तरी सांगा."

ब्रदर इनास अंगण झाडत होता. झाडू थांबला नाही.

"काल विचारलंस तेव्हा मी काय सांगितलं?"

"काहीच नाही."

"मग आज वेगळं कशाला सांगू?"

ब्रदर इनास कुठल्या मठाचा नव्हता. स्वतःच्या हट्टानं झालेला ब्रदर. वसईच्या किनाऱ्याला सुरूच्या बनात एक खोली, एक क्रूस, एक विहीर, एवढा त्याचा संसार. तोंडात दात मोजके आणि शब्द त्याहून मोजके. म्हणून लोक त्याच्याकडं मौन शिकायला येत.

क्लेमेंटही मौन शिकायलाच आला होता. आल्यापासून बोलत होता.

आता त्याला निघायचं होतं. उद्या सकाळी गावच्या हॉलमध्ये त्याचं पहिलं मौन शिबिर होतं. पत्रकं वाटून झाली होती. पत्रकावर क्लेमेंटचा फोटो, ओठांवर बोट ठेवलेला. खाली ठळक अक्षरांत, 'मौनाचे मार्गदर्शक'. मौनासाठी लाउडस्पीकरही ठरवला होता.

हे सगळं जमवलं त्याच्या सिसिलमावशीनं. आई गेल्यावर पोराला तिनंच वाढवलं. बाई मायाळू, पण आवाज असा की ती कानात काही सांगायला लागली तर शेजारच्या वाडीतली कुत्री उठून बसत.

सगळं ठरलं होतं. एक गोष्ट सोडून.

ब्रदरकडची रीत अशी होती. जाणाऱ्या शिष्यानं एक जेवण रांधायचं. ब्रदर जेवणार, आणि त्याच्या मनात आलं तर शिष्याच्या डोक्यावर हात ठेवणार. हात ठेवला, तर जा आणि चार माणसांना शिकव. नाही ठेवला, तर उद्यापासून पुन्हा विहिरीवर पाणी शेंदायला.

जेवणाच्या चवीवर ते ठरत नसे. एका शिष्याचं सुरमईचं कालवण साऱ्या बनात घमघमलं होतं, तो विहिरीवर गेला. त्याच्या मागच्यानं पेज करपवली. त्याला हात मिळाला.

का, ते कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी सांगणारा कोण होता?

"ब्रदर, आज हात ठेवाल ना? तिकडं माणसं येणार आहेत."

"काय रांधणार?"

"स्टेक. आणि बटाटे."

झाडू थांबला.

"चूल पेटवावी लागेल. लाकडं ओली आहेत."

"चूल नाहीच!" क्लेमेंटचा चेहरा उजळला. "मावशी यंत्र घेऊन येतेय. एअर फ्रायर. तेल नाही, धूर नाही, काही बघावं लागत नाही. आत ठेवलं की आपलं आपण होतं."

"आपलं आपण?"

"अगदी आपलं आपण."

"मग तू काय करणार?"

"मौन!"

ब्रदरनं त्याच्याकडं बघितलं. मग पुन्हा झाडायला लागला.

उन्हं कलायच्या आधी सिसिलमावशी रिक्षातून उतरली. एका काखेत खोकं, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत म्हशीच्या मांसाचे अंगठ्याएवढे जाड काप, बटाटे, लसूण, मिरी, लोणी.

"ब्रदर, प्रेज द लॉर्ड! क्लेमा, ऐक नीट. बटाटे आधी घालायचे. ते निम्मे झाले की मग त्यांच्यावर मांस. मांसाला वेळ लागत नाही. आणि काढल्या काढल्या सुरी लावायची नाही, थोडं निवू द्यायचं. कळलं का?"

"मावशी, व्हिडिओ बघितलाय मी."

"व्हिडिओ बघून पोहता येतं का रे मेल्या?"

"तू हॉलवर जा. बॅनर लाव."

"जाते. येते तासाभरानं. ब्रदर, हात ठेवा हो पोराच्या डोक्यावर! लाउडस्पीकरवाल्याला शब्द दिलाय मी!"

रिक्षा गेली. उडालेले कावळे पुन्हा फांद्यांवर बसले.

क्लेमेंटनं खोलीतल्या एकुलत्या एक बुटक्या स्टुलावर यंत्र मांडलं, दिव्याशेजारच्या प्लगात वायर खोचली. काळं, गोल, पोटाला एक खण. बटाट्याच्या सालासकट फोडी केल्या. मीठ, मिरी, ठेचलेला लसूण. मांसाला लोणी चोळलं. हात चांगला होता त्याचा. तोंड आड येत होतं.

"ब्रदर, ह्या यंत्राचंही एक तत्त्वज्ञान आहे. आत फक्त हवा फिरते. दिसत काही नाही, पण बदल घडतो. मौनाचंही तसंच..."

ब्रदर भिंतीला टेकून बसला होता.

"...बाहेरून स्थिर, आतून तप्त. उद्या हेच उदाहरण देणार आहे मी."

बोलता बोलता त्यानं बटाटे आणि मांस एकदमच खणात लोटलं. मावशीचे शब्द रिक्षाबरोबरच गेले होते. खण सरकवला, बटण फिरवलं. यंत्र घुमायला लागलं.

"झालं! आता वीस मिनिटं काही करायचं नाही."

"बस मग," ब्रदर म्हणाला.

क्लेमेंट मांडी घालून बसला. पाठ ताठ. डोळे मिटले. पत्रकावर होता तसाच दिसत होता, फक्त बोट नव्हतं.

यंत्र घुमत होतं...

एक डोळा उघडला.

मग तो उठला, खण ओढला. यंत्र गप्प झालं. त्यानं वाकून बघितलं, सुरीचं टोक बटाट्यात खुपसलं. कच्चा. खण लोटला. यंत्र पुन्हा घुमायला लागलं.

"सहज बघितलं," तो म्हणाला.



क्लेमेंट बसला. डोळे मिटले. नाक फुललं. वास यायला हवा होता एव्हाना, नाही का? की जळतंय? की काहीच होत नाहीये?

उठला. खण ओढला. यंत्र गप्प. कच्चा.

असं चालू राहिलं. हा बसायचा, यंत्र तापायचं. हा उठायचा, यंत्र निवायचं. मौनाचा मार्गदर्शक आणि खुराड्यात सारखी डोकावणारी कोंबडी, दोघांत काही फरक उरला नाही.

तो पुन्हा येऊन बसला, तेव्हा ब्रदर उठला. कोपऱ्यातली पळी घेतली. क्लेमेंटसमोर उकिडवा बसला आणि पळीनं त्याच्या कपाळावर टकटक केलं.

"झालास का शांत?"

क्लेमेंट दचकला. "अं? होतोय, ब्रदर."

"बरं."

क्लेमेंटनं डोळे मिटले. श्वास घेतला.

टक टक.

"आता झालास?"

"ब्रदर, आत्ताच तर..."

"बरं, बरं."

डोळे मिटले. श्वास अर्धा आत गेला.

टक टक टक.

"आता?"

"ब्रदर! असं सारखं विचारलंत तर माणूस शांत होणार कसा?"

ब्रदरनं मान वळवली. यंत्राकडं बघितलं. मग क्लेमेंटकडं. मग पुन्हा यंत्राकडं.

क्लेमेंटचे कान लाल झाले.

"कळलं, ब्रदर."

"बरं."

"खरंच कळलं. कायमचं कळलं."

असं म्हणत तो उठला आणि त्यानं खण ओढून बघितलं.

ब्रदरनं पळी जागेवर ठेवली. कळणं डोक्यात असतं आणि खण हातानं उघडला जातो. दोघांची ओळख व्हायला वेळ लागतो.

या वेळी मात्र क्लेमेंट उघड्या खणासमोर तसाच बसून राहिला. खणातून थोडी वाफ येत होती. बटाटा अजून मध्ये कडक. मांस मात्र आक्रसायला लागलं होतं.

"ब्रदर..."

आवाज बदलला होता. पत्रकावरचा नव्हता हा आवाज.

"रोज पहाटे मी आत बघतो. काही झालंय का. काही बदललंय का. रोज बघतो, आणि रोज कच्चंच. पत्रकं छापली, तेव्हा वाटलं, लोक म्हणायला लागले की होईल. नाही झालं. उद्या त्यांच्यासमोर बसलो, आणि माझ्यात काहीच नसलं तर? तुमचा हात असला तर निदान वाटेल, की आहे काहीतरी."

त्यानं सुरी खाली ठेवली.

"...म्हणून विचारतो हो सारखं. हौस म्हणून नाही विचारत."

ब्रदर पुढं झाला. खणावर तळवा टेकवला आणि तो हळूच आत लोटला. यंत्र घुमायला लागलं. मग तो यंत्राला पाठ लावून तिथंच बसला. आता खण उघडायचा तर आधी ब्रदरला उचलावं लागलं असतं.

क्लेमेंट समोर बसला. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. बोलण्यासारखंही.

शेवटी यंत्र वाजलं. ब्रदर बाजूला झाला.

बटाटे फर्मास झाले होते. कडेनं खरपूस, आत लोण्यासारखे. पण त्यांच्यापायी मांस किती वेळ आत राहिलं, ते यंत्रालाच ठाऊक. बटाटा शिजेपर्यंत स्टेकचं पायताण झालं होतं.

क्लेमेंटनं सुरी लावली. सुरी घसरली. पुन्हा लावली, दोन्ही हातांनी दाबली. ताटली फिरली, मांस हललं नाही. शेवटी त्यानं गुडघा टेकवून, दात खाऊन तुकडे केले. कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी.

ताट पुढं ठेवलं.

ब्रदरनं क्रूसाची खूण केली. एक तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

चावायला लागला.

क्लेमेंट त्याच्या हातांकडं बघत होता. एक हात मांडीवर. एक ताटाजवळ. दोन्ही स्वस्थ.

ब्रदर चावत होता...

तुकडा डाव्या गालातून उजव्या गालात गेला. तिथं एक दाढ होती, तिनं प्रयत्न केला. तुकडा परत डावीकडं आला.

बाहेर उन्हं उतरली. ब्रदर चावत होता.

क्लेमेंटला राहवेना. घसा खाकरला. तोंड उघडलं.

"ब्रदर, मग झा..."

ब्रदरनं ताटातला एक तुकडा उचलला आणि त्या उघड्या तोंडात कोंबला.

क्लेमेंटनं चावायला सुरुवात केली. थुंकावं तर ब्रदरच्या हातचा घास. गिळावा तर जीव जायचा. बोलावं तर जबड्याला सवड नाही. वातड कसं, तर वहाणेची वादी चघळतोय असं वाटावं.

तो चावत राहिला.

आधी त्याला शिबिर आठवलं. मग लाउडस्पीकर. मग जबडा इतका दुखायला लागला की दुसरं काही आठवेना. लसणाची चव लागली. मग मिठाची. मग त्या मांसाच्या आतून, कुठून तरी खोलातून, थोडासा गोडवा. त्याच्या मागं धावावं तर तो लपायचा. नुसतं चावत बसलं की पुन्हा यायचा.

सुरूच्या झाडांतून वारा जात होता. वारा रोजच जात असे. क्लेमेंटला तो आज ऐकू आला.

ब्रदरच्या हातांकडं बघायचं तो विसरला होता.

रिक्षा थांबली. तिच्या आधी आवाज पोचला.

"झालं का? ठेवला का हात? बॅनर लावला बघ क्लेमा, रस्त्यावरून दिसतो! लाउडस्पीकरवाला विचारतोय, किती कर्णे? काय रे, बोलत का नाहीस? ब्रदर, तुम्ही तरी बोला!"

दोघं चावत होते. दोघांनी एकदमच तिच्याकडं बघितलं आणि एकदमच नजर खाली केली.

मावशीनं ताट बघितलं.

"अरे देवा! हे काय केलंस? एकदम घातलंस ना दोन्ही? सांगितलं होतं, बटाटे आधी! एवढं चांगलं मांस, आणि त्याची पार..."

ब्रदरनं ताट तिच्याकडं सरकवलं.

"मी काय खाऊ हे? हे काय खायचं आहे? बघते तरी केलंय काय ह्यानं..."

तिनं एक तुकडा तोंडात टाकला.

आणि खोलीत जे कधी झालं नव्हतं, ते झालं.

तिघं बसले होते. तीन जबडे हलत होते. दूर वाळूवर लाट फुटल्याचं ऐकू येत होतं. कावळे फांद्यांवरून उतरून दारापर्यंत आले, आत डोकावले, बसून राहिले.

क्लेमेंटचे डोळे मिटलेले होते. कधी मिटले, त्यालाही ठाऊक नव्हतं.

ब्रदरचा हात मांडीवरून उठला. सावकाश वर गेला आणि क्लेमेंटच्या डोक्यावर येऊन टेकला.

क्लेमेंट चावत होता. डोक्यावर काही आहे, एवढं कळलं असावं. त्यानं डोळे उघडून बघितलं नाही.

बघितलं सिसिलमावशीनं. तिचे डोळे मोठे झाले. तिला ओरडायचं होतं. साऱ्या वाडीला, बनाला, लाउडस्पीकरवाल्याला सांगायचं होतं. तिनं दोन्ही हात वर केले, हुंकार दिला, छाती बडवली. तोंडातला तुकडा जागचा हलेना. शेवटी ती नुसती बसून राहिली, आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत राहिलं.

बऱ्याच वेळानं ब्रदर इनासनं घास गिळला. पाणी प्याला. तोंड पुसलं.

"जा," तो म्हणाला. "उद्या सगळ्यांना हेच वाढ."