नाव न पुकारणारा घोषक

पूर्वी वेत्रवतीच्या काठच्या शुक्तिनगरात राजा भद्रसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका घोषकाच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव घोषिल. त्याने दानशाळेतून हाक दिली, की नदीपलीकडची गुरे माना वर करीत.

त्या नगरात दान देण्याची एक रीत होती. दाता धान्य घेऊन येई आणि दानशाळेतल्या उंच शिळेवर उभा राही. घोषिल त्याचे नाव तीन वेळा पुकारी. मग पंगतीत बसलेल्या प्रत्येकाने ते नाव मोठ्याने घ्यायचे. ज्याने घेतले त्याच्या पानावर भात पडे, ज्याने घेतले नाही त्याचे पान रिकामे राही. सूपभर तांदूळ आणणाऱ्यालासुद्धा आपल्या नावामागे आजोबांचे नाव हवे असे. एका व्यापाऱ्याने तर, शेजाऱ्यापेक्षा आपले नाव हळू घेतले म्हणून, अर्धे पोते परत नेले होते. पुण्य कमावण्याच्या बाजारातही माणसे मापाला चोख असतात. घोषिल हे पाही, मनात हसे आणि हाक देई. त्याच्या बापाने दिली होती, आजाने दिली होती.

एके दिवशी वैद्यकी करणारी उत्पला आपल्या बापाचा हात धरून दानशाळेत आली. बाप म्हणजे ध्रुवक. चाळीस वर्षे तो राज्याच्या शेतांच्या सीमा सांगत असे. कोणाचा बांध कोठे संपतो, पुरात वाहून गेलेला दगड पूर्वी कोठे होता, हे सारे त्याला पाठ होते. सख्खे भाऊ कोयते घेऊन एकमेकांसमोर उभे राहिले, तरी ध्रुवक शांतपणे चालत जाई, टाच रोवी आणि म्हणे, "इथे." भांडण तेथेच मिटे. आता त्याच ध्रुवकाला स्वतःच्या घराचे दार सापडत नव्हते. लेकीला तो कधी आई म्हणे, कधी "बाई, तुम्ही कोणाकडच्या?" असे विचारी. उत्पला दिवसभर रोग्यांच्या घरी हिंडे. मागे घरात कोणी नव्हते, म्हणून दुपारच्या जेवणाला ती त्याला पंगतीत बसवून जाणार होती.

वाढपी पानापाशी थांबला. "आजोबा, आजचे अन्न कोणाचे?"

ध्रुवकाने विचार केला. "आंब्याखाली दगड आहे ना, तिथपर्यंत तुमचे," तो म्हणाला.

पंगत खो खो हसली. वाढपी पुढे सरकला. ध्रुवक रिकाम्या पानावर हात ठेवून बसून राहिला.

उत्पला दानाध्यक्ष पुंडरीकाकडे गेली. पुंडरीक काही दुष्ट नव्हता. तो फक्त हिशेबी होता, आणि हिशेबातून डोके वर काढून त्याने कधी उपाशी माणसाकडे पाहिले नव्हते. तो म्हणाला, "बाई, ज्याला दिलेले कळतच नाही, त्याला देऊन दात्याच्या पदरात काय पडणार? फुटक्या घड्यात पाणी ओतायला आमचे दाते वेडे नाहीत."

घोषिलाने हे ऐकले. त्याला वाईट वाटले आणि त्याने उपाय काढला. रोज सकाळी तो ध्रुवकाच्या घरी जाऊन त्याला दात्याचे नाव शिकवू लागला. "म्हणा आजोबा, श्रेष्ठी मणिभद्र. म्हणा बरे." सात दिवस तो शिकवीत राहिला. आठव्या दिवशी त्याला दारात पाहताच म्हातारा भिंतीला टेकला आणि हात जोडून रडू लागला. "नको हो," तो म्हणाला. "मी उद्या नक्की सांगतो. आज मारू नका."

घोषिलाचा हात त्याच्यावर कधी उठला नव्हता. तरी तो शरमेने खाली बसला. भुकेल्या माणसाची आपण परीक्षा घेत होतो, आणि तिलाच दया समजत होतो, हे त्याला कळले. तो उत्पलेला म्हणाला, "बाई, चूक यांच्या आठवणीची नाही. चूक माझ्या हाकेची आहे."

दुसऱ्या दिवशी श्रेष्ठी मणिभद्र शिळेवर चढला. पंगत कान देऊन बसली. घोषिल उभा राहिला आणि म्हणाला, "अन्न आले आहे. जेवा."

एवढेच. नाव नाही.

दानशाळेत एकच गलका झाला. पुंडरीक धावत आला. "जीभ अडखळली का रे?"

"नाही. आजच सरळ झाली."

"नाव घेतले नाहीस तर उद्या येथे कोण देईल?"

"जो देणारा असेल तो देईल. जो विकत घ्यायला येतो, तो दुसऱ्या दुकानी जाईल."

पुंडरीकाने त्याच्या हातातला घोषकाचा दंड काढून घेतला. तीन पिढ्यांचे काम एका दुपारी गेले. घोषिलाने मागे वळूनही पाहिले नाही. ध्रुवकाचा हात धरून तो बाहेर पडला, आणि पंगतीतून उठवलेली तशीच आणखी काही म्हातारी माणसे त्याच्या मागून चालू लागली, कारण कोणीतरी पुढे चालले होते.

घाटाजवळ मिठाचे एक जुने कोठार ओस पडले होते. उत्पलेने ते झाडून घेतले. तिला तेथे केवळ जेवू घालायचे नव्हते. या विस्मृतीचे मूळ तिला शोधायचे होते. कोणती मुळी दिली की झोप लागते, कोणत्या वेळी भीती वाढते, काय उरते आणि आधी काय जाते, हे ती रोज पाहणार होती आणि कोठाराच्या भिंतीवर काजळाने लिहून ठेवणार होती. त्यासाठी धान्य हवे, वनौषधी हव्यात, वर्षे हवीत. घोषिलाजवळ आवाजाशिवाय काही नव्हते. तो चव्हाट्यावर उभा राहिला.

"लोकहो, द्या!" तो ओरडला. "तुमचे नाव कोणी घेणार नाही. आशीर्वाद मिळणार नाही. ज्याला आज घास द्याल, तो उद्या तुम्हाला ओळखणार नाही. उत्पला औषध शोधते आहे. ते सापडेलच असे मी सांगत नाही. तरी द्या!"

लोक पोट धरधरून हसले. असे मागणे कोणी कधी ऐकले नव्हते. एक जण म्हणाला, "अरे, निदान पुत्रप्राप्तीचे तरी आमिष दाखव." घोषिलाने त्याच्याकडे पाहून तेच शब्द आणखी मोठ्याने पुकारले. पाच दिवस तो पुकारीत राहिला आणि पाच दिवस त्याची झोळी रिकामी राहिली. कोठारात पातळ पेज शिजे, ती आधी म्हातारी माणसे पीत, उरली तर हे दोघे.

सहाव्या दिवशी दोर वळणारी एक बाई जवळ आली. तिचा पदर मुठीत आवळलेला होता.

"नाव खरेच घेणार नाहीस ना?" तिने विचारले.

"नाही, बाई."

"मग हे घे." तिने मूठ उघडली. आत तीळ होते. "एवढेसे घेऊन त्या शिळेवर कशी चढू? लोक हसले असते. माझी सासूही अशीच गेली बघ. शेवटी मला चोर म्हणायची."

घोषिलाने झोळी पसरली. त्याचे डोळे भरून आले. मग कोळी आले, पाथरवट आले, धुणे धुणाऱ्या आल्या. ज्यांच्या मुठीला शिळेवर जागा नव्हती, असे अर्धे नगर होते, आणि हे आजवर कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. प्रत्येक जण मूठ रिती करताना हळूच एखादे वाक्य सांगून जाई. माझा बाप. माझी थोरली बहीण. माझा गुरू.

दर पौर्णिमेला घोषिल भिंतीवर लिहिलेले चव्हाट्यावर वाचून दाखवी, आणि फसलेलेही लपवीत नसे. "शंखपुष्पी तीन महिने दिली. आठवण परत आली नाही. कडू मुळीने दोघांना उलट्या झाल्या, ती बंद केली. प्रश्न विचारले की ही माणसे घाबरतात, म्हणून आता कोणी विचारीत नाही. ध्रुवकाला रोज बांधावरून फिरवून आणले, तर तो संध्याकाळी रडत नाही." पुंडरीकाला वाटले, अपयश ऐकून लोक पाठ फिरवतील. लोक मात्र आपापल्या घरी जाऊन आपल्या म्हाताऱ्यांना प्रश्न विचारायचे थांबले.

हळूहळू दानशाळेतली शिळा ओस पडू लागली, तेव्हा पुंडरीकाने राजाचे कान भरले. भद्रसेनाने घोषिलाला बोलावले. तो म्हणाला, "मी तुला वर्षावर्षाला शंभर गाड्या तांदूळ देतो. तुझ्या त्या घरात रोज सकाळी माझे नाव घेतले जावे, इतकीच अट."

शंभर गाड्या! त्या सकाळी कोठारात पेजेलाही तांदूळ नव्हता. घोषिलाला उत्पलेचा सुकलेला चेहरा आठवला. मग भिंतीला टेकून हात जोडणारा ध्रुवक आठवला.

"महाराज, तांदूळ द्या, मी स्वतः वाहून नेईन," तो म्हणाला. "पण नाव त्यांच्याकडून वदवून घेणार नाही. एकदा तसे करून पाहिले होते. पुन्हा नाही."

"राजाची अट मोडतोस? ही जीभ माझ्या एका शब्दाने जाईल."

"न्या. त्या घरात जिभेवाचून अडत नाही. हात असले की पुरे."

राजाचा चेहरा लाल झाला. शिक्षा सांगण्याआधी हे घर एकदा पाहू तरी, असे त्याच्या मनात आले, आणि तो तसाच उठून घाटाकडे निघाला.

दोर वळणाऱ्या बाईने तेवढ्यात कोठून तरी तांदूळ मिळवून आणले होते. ध्रुवक उन्हात भाताचा एक गोळा हातात घेऊन बसला होता. रेशमी वस्त्रातला माणूस समोर उभा राहिलेला पाहून तो घाबरला नाही. त्याने निरखून पाहिले.

"जेवलास का रे बाबा?" त्याने विचारले.

राजा गोंधळला. सकाळपासून रागाच्या भरात तो खरेच जेवला नव्हता. "मी कोण आहे, ठाऊक आहे का तुला?" त्याने विचारले.

"नाही," ध्रुवक म्हणाला. "भूक लागलीय ना पण?" आणि त्याने गोळ्याचे दोन भाग केले, मोठा भाग राजाच्या तळहातावर ठेवला आणि जमिनीवर टाच रोवून म्हणाला, "बस. इथे."

शुक्तिनगराचा राजा मातीत बसला आणि तो भात त्याने खाल्ला. शेवटचे शीत त्याने बोटाने पुसून घेतले. दुसऱ्या दिवशी गाड्या आल्या, अट आली नाही. आठ दिवसांनी राजा पुन्हा आला, तेव्हा ध्रुवकाने त्याला पुन्हा पहिल्यानेच पाहिले आणि पुन्हा विचारले, जेवलास का. दानशाळेतली ती शिळा पुढे घाटावर नेली. तिच्यावर बायका धुणी धुऊ लागल्या.

ध्रुवक बरा झाला नाही. चौथ्या पावसाळ्यात तो गेला, लेकीला न ओळखता, पण तिचा हात धरून, पोटभर जेवून. उत्पलेला औषध सापडले नाही. तिने भिंतीवर तेही लिहिले आणि दुसऱ्या दिवशी पुढची मुळी उगाळायला घेतली. तिच्यानंतर तिच्या शिष्यिणींनी उगाळली. भिंत भरली, तेव्हा त्यांनी दुसरी भिंत बांधली.

ही कथा भिक्षूंच्या गुरूने, शास्त्याने, विहारात सांगितली, त्या सकाळी असे घडले होते. सोणक नावाचा एक वृद्ध भिक्षू सारे विसरू लागला होता. त्याला भिक्षा वाढायची पाळी नंदिमित्र नावाच्या तरुण भिक्षूची होती. नंदिमित्र कुरकुरला, "याला काल काय खाल्ले ते आठवत नाही, कोणी दिले ते आठवत नाही. अशाला वाढून काय उपयोग?"

कथा संपल्यावर शास्त्याने त्याला जवळ बोलावले. "नंदिमित्रा, त्या कोठारात चार वर्षे मी तुला या हाताने भरवले. तुला आठवते का?"

नंदिमित्र चमकला. "नाही, भंते."

"कोणालाच आठवत नाही. या सभेत असा एकही नाही, ज्याला कोणीतरी भरवलेले नाही आणि जो ते विसरलेला नाही. तरी तुझे पोट भरले होते." मग शास्ता म्हणाला, "तेव्हाचा ध्रुवक तू होतास. उत्पला म्हणजे आज रुग्णांची सेवा करणारी भिक्षुणी सुमेधा. पुंडरीक म्हणजे, विहाराच्या स्तंभावर आपले नाव कोरता येईल का असे आज सकाळीच विचारून गेलेला तो उपासक. त्यालाही पोटभर पेज द्या, तो अजून शिकतो आहे. घोषिल मी होतो. आणि ज्याला तू आपल्या घासातला मोठा भाग दिलास, तो राजा भद्रसेन म्हणजे हा सोणक. तेव्हा तू त्याला नाव विचारले नव्हतेस."

नंदिमित्र उठला. पात्र घेऊन तो सोणकासमोर बसला आणि भात कालवून त्याच्या ओठांशी नेला.

"तू कोण रे?" वृद्धाने विचारले.

नंदिमित्राने नाव सांगितले नाही. "जेवा, भंते," तो म्हणाला.

शास्ता भिक्षूंकडे वळून म्हणाला, "याला दान म्हणतात. बाकी सगळा व्यवहार."