तांबटाच्या वाट्याचा दोष

शालवती नगरावर दृढसेन राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व तेथे न्यायामात्य होते.

नगरातल्या मंडन नावाच्या तांबटाला अधूनमधून वेडाचे झटके येत. एका दुपारी त्याने राजाच्या धान्यकोठाराला आग लावली. आत पहारेकरी नंदक होता. तो जळून मेला.

न्यायसभेत राजा म्हणाला, "जीव घेणाऱ्याला सुळी द्यावे, हा आमचा कायदा."

शेजारच्या राज्याचा दूत म्हणाला, "आमच्याकडे वेड्याला कायदा लागू होत नाही. सोडून देतात."

बोधिसत्त्वांनी नंदकाची बायको सोमा हिला विचारले, "बाई, आग लागल्यावर मंडन कुठे गेला?"

सोमाला त्याचे मरण हवे होते. तरी ती खरे तेच म्हणाली, "माझ्याच दारात आला. हसत होता. म्हणाला, 'वहिनी, कोठारातले सगळे साप जाळले. आता नंदकदादाला भीती नाही.'"

बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, आपण माणूस मारतो आहोत हे याला ठाऊकच नव्हते. याला सुळी देता येणार नाही."

"म्हणजे सोडायचा!" दूत म्हणाला.

"नाही." बोधिसत्त्वांनी वैद्याला पुढे बोलावले.

वैद्य म्हणाला, "रोज काढा घे, असे मी बजावले होते. कडू लागतो म्हणून याने तो चांगल्या शुद्धीत असताना सोडला."

"तेवढा दोष याचा," बोधिसत्त्व म्हणाले. "बरा होईपर्यंत हा वैद्यगृहात बंदोबस्तात राहील. नंतर सोमाच्या शेतात राबेल."

"आणि पुन्हा आग लावली तर?" राजाने विचारले.

"तर जाब मला विचारा, महाराज. काढा मी स्वतः पाजीन."

दोन वर्षे बोधिसत्त्व रोज सकाळी वैद्यगृहात गेले. एके दिवशी मंडनने विचारले, "नंदकदादा कुठे आहे?" त्यांनी खरे ते सांगितले. तीन दिवस तो जेवला नाही. चौथ्या दिवशी सोमाच्या दारात मान खाली घालून उभा राहिला.

सोमाने विचारले, "काढा घेतलास?"

"घेतला."

"मग औत घे."

त्या वर्षी सोमाचे खळे धान्याने भरले. राजाने जुना कायदा मोडून नवा शिळेवर कोरवला: वेड्याला शुद्धीत केलेल्या दोषापुरतीच शिक्षा, आणि बरा होईपर्यंत उपचार. ढोल वाजले, लोक रस्त्यांत नाचले. शेजारच्या दूतानेही तो कायदा उतरवून नेला.

ही कथा सांगून शास्ते भगवान बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा मंडन म्हणजे आपल्यातला भिक्षू भद्दक. सोमा ही भिक्षुणी सुजीवा. राजा म्हणजे हा विहार देणारा श्रेष्ठी. न्यायामात्य मीच होतो. सोमाने वैऱ्यासाठीही सत्य सोडले नाही, म्हणून मला न्याय करता आला. त्या जन्मी मी प्रज्ञापारमिता, म्हणजे प्रज्ञेची परिपूर्णता, साधली."