ठमी मुंगीचा हिरवा दाणा

ओळखा बरं, ह्या गोष्टीत शेवटी पोट कुणाचं फुगतं? मुंगीचं? काकूचं? का फ्रीजरचं? आत्ताच बोला. मागनं "मला ठाऊकच होतं" म्हणायचं नाही.

एक होती मुंगी. तिचं नाव ठमी. ठमीला सापडला एक दाणा. हिरवागार मटार! ठमीने बारीकसा चावा घेतला. गोड! मग ढकलला. गडगड, गडगड.

तेवढ्यात आली हिराकाकू. "अगोबाई, हा खाली पडला वाटतं." उचलला की दाणा!

काकूने सगळे मटार धुतले. गरम पाण्यात बुडवले. गार केले. फडक्यावर कोरडे केले. पिशवीत भरले. फुस्स! हवा काढली. आणि ठेवले फ्रीजरमधे.

ठमी बघतच राहिली. वा! काय बीळ आहे काकूचं! ओल नाही. किडा नाही. उन्हाळा आला तरी दाणा हिरवाच!

पण दाणा तर ठमीचा ना?

दुसऱ्या दिवशी ठमी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"फ्रीजरदादा, फ्रीजरदादा, दाणा दे. माझा दाणा मला मिळेना."

फ्रीजर म्हणला, "घुर्रर्र! रात्री कुणीतरी दार उघडं टाकलं. बर्फच बर्फ झाला. त्याने पिशवी धरलीय. बर्फ सोडेना, मी देऊ कसा?"

ठमी गेली बर्फाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बर्फा, बर्फा, पिशवी सोड. फ्रीजर देईना, माझा दाणा मला मिळेना."

बर्फ म्हणला, "बटन मिटेना, फ्रीजर बंद होईना, मी सोडू कसा?"

ठमी गेली बटनाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बटना, बटना, मिट की रे. बर्फ सोडेना, फ्रीजर देईना, माझा दाणा मला मिळेना."

बटन म्हणलं, "काकू दाबेना, मी मिटू कसं?"

ठमी गेली काकूकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"काकू, काकू, बटन दाब. बटन मिटेना, बर्फ सोडेना, फ्रीजर देईना, माझा दाणा मला मिळेना."

काकू म्हणली, "दाबलं की आतलं गार सगळं गरम. मासे नासतील, खोबरं आंबेल. त्यांना आधी आइसबॉक्समधे गार ठेवायला हवं. बॉक्स उघडेना, मी दाबू कशी?"

ठमी गेली बॉक्सकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बॉक्सा, बॉक्सा, उघड ना. काकू दाबेना, बटन मिटेना, बर्फ सोडेना, फ्रीजर देईना, माझा दाणा मला मिळेना."

बॉक्स म्हणला, "वर बघ. आबा उठेना, मी उघडू कसा?"

बॉक्सवर बसले होते आबा. काकूचे सासरे. ऊन खात, मिशी पुसत.

"आबा, आबा, उठा. बॉक्स उघडेना, काकू दाबेना, बटन मिटेना, बर्फ सोडेना, फ्रीजर देईना, माझा दाणा मला मिळेना."

आबा म्हणले, "मटार? शी! मटारासाठी मी नाही उठत जा."

ठमीने वर बघितलं. आबांच्या मिशीवर एक पांढरा थेंब. हुंग हुंग. वेलदोडा. साखर. कुल्फी!

अस्सं! रात्री दार उघडं टाकणारे हेच की!

ठमी हळूच म्हणली, "आबा, मिशीला गोड लागलंय. माझ्या बहिणींना बोलावू?"

"किती बहिणी तुला?"

"कधी मोजल्या नाहीत."

आबा उठले. टुणकन!

आबा उठले, बॉक्स उघडला.
बॉक्स उघडला, मासे-खोबरं गार बसलं.
मासे-खोबरं गार बसलं, काकूने दाबलं.
काकूने दाबलं, बटन मिटलं. टक!
बटन मिटलं, बर्फ सुटला. टप टप टप.
बर्फ सुटला, फ्रीजरने पिशवी दिली.

काकूने पिशवी उघडली. बारीक चाव्याचा दाणा वर काढला. ठमीसमोर ठेवला. "घे बाई, तुझा तो तुझा."

ठमी निघाली. गडगड, गडगड.

बाकीचे मटार आता नरम पडले होते. ते परत आत ठेवायचे?

"छे," काकू म्हणली. "एकदा वितळलं ते परत आत नाही. आजच शिजवायचं, आजच संपवायचं."

मग काकूने आबांच्या मिशीकडे बघितलं. नुसती हसली.

दुपारी मटाराची उसळ. संध्याकाळी मटारभात. रात्री मटाराच्या करंज्या.

"आबा, अजून वाढू?"

आबांनी मुकाट ताट पुढं केलं.

आता कळलं, पोट कुणाचं फुगलं? आबांनाच विचारा. पण जरा थांबा. त्यांच्या तोंडात मटार आहे.